विंडोज ११वर जुनी युडोरा चालवायची कशी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांचं जुनं मशीन बसलं. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पण पडदा काळाच. विंडोज एक्सपीचं मशीन, त्यावर युडोरा हा ईमेलचा प्रोग्राम, आणि युडोरात १९९८पासूनचं सगळं टपाल: विद्यार्थ्यांचे प्रबंध, परदेशी गेलेल्या भावाची पत्रं, सोसायटीच्या पाण्याच्या भांडणांचा इतिहास. मुलीने विंडोज ११चा नवा लॅपटॉप घेऊन दिला. सर म्हणाले, "अरे, जीमेल मला येत नाही असं नाही. पण माझी पत्रं तिच्यात नाहीत ना. युडोराच बसव."

दोन संध्याकाळी लागल्या. त्यात एक संध्याकाळ माझ्याच चुकीने वाया गेली, ती कशी तेही पुढे येईल. पुण्यात कर्वेनगरातल्या एका घरात जमलं ते तुमच्याकडेही जमेल, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतोय.

आधी युडोराबद्दल थोडं, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी तिच्या वयातून येतात. स्टीव्ह डॉर्नर यांनी इलिनॉय विद्यापीठात १९८८मध्ये ती लिहिली. पुढे ती क्वालकॉम कंपनीकडे गेली. विंडोजसाठीची शेवटची आवृत्ती ७.१.०.९, ती २००६च्या ऑक्टोबरात आली. २०१८मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने तिचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. म्हणजे आपण जी युडोरा बसवणार आहोत तिला २००६नंतर जगात काय झालं याचा पत्ता नाही.

तरी ती विंडोज ११वर उघडते. ३२-बिटचा प्रोग्राम आहे आणि ६४-बिटचं विंडोज ३२-बिटचे प्रोग्राम अजून चालवतं. नव्वदीतली १६-बिटची युडोरा लाइट असेल तर मात्र नाद सोडा, ती विंडोज ११वर सुरूच होणार नाही. तिचं टपाल ७.१मध्ये उघडता येतं, ते पुरे. खरी अडचण युडोरा सुरू करण्यात नसते. ती तीन जागी असते: फायली ठेवायची जागा, सर्व्हरशी बोलायचं कुलूप, आणि मराठी.

आधी टपाल बाहेर काढा

जुनं मशीन अजून चालू होत असेल तर तुम्ही नशीबवान. युडोरा उघडा आणि हेल्प मेनूतल्या अबाउट युडोरामध्ये डेटा फोल्डर कुठला आहे ते वाचा. अंदाजाने शोधू नका. कुणाकडे तो प्रोग्राम फाइल्सच्या आत क्वालकॉम फोल्डरात असतो, कुणाकडे डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जच्या आत लपवलेल्या अ‍ॅप्लिकेशन डेटात, तर कुणी शहाण्या माणसाने तेव्हाच सी ड्राइव्हवर वेगळा युडोरा फोल्डर करून ठेवलेला असतो.

कॉपी करण्याआधी स्पेशल मेनूतलं कॉम्पॅक्ट मेलबॉक्सेस चालवा. युडोरात पत्र डिलीट केलं की ते यादीतून जातं, पण फाइलमधून लगेच जात नाही. पुढेमागे यादी नव्याने बनवायची वेळ आली तर ही पुसलेली पत्रं भुतासारखी परत उगवतात.

मशीन मेलेलं असेल तर हार्ड डिस्क काढा. सरांची डिस्क आयडीई होती, ती रुंद पट्टीच्या केबलवाली. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात आयडीई आणि साटा दोन्ही चालणारा यूएसबी अ‍ॅडॉप्टर मागा, आणि त्याच्यासोबत वेगळा वीजपुरवठा येतो का ते तिथेच बघून घ्या. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. एक गोष्ट पुणेकरांसाठी: हे काम गुरुवारी काढू नका. दुरुस्तीसाठी वीज जायची तर ती आपल्याकडे गुरुवारीच जाते, आणि वीस वर्षांच्या डिस्कला मधेच झटका बसलेला परवडत नाही.

डेटा फोल्डर उघडलात की काय दिसतं? इन, आउट, ट्रॅश आणि तुम्ही केलेल्या प्रत्येक मेलबॉक्सच्या दोन-दोन फायली. एकीचं शेपूट एमबीएक्स, दुसरीचं टीओसी. पहिलीत पत्रं, दुसरीत त्यांची अनुक्रमणिका. एमबीएक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. पत्रं सरळ वाचता येतात! युडोरावर माझा जीव आहे तो यासाठी. कुठल्या बंद पेटीत तिने पत्रं कोंडलेली नाहीत. उद्या युडोरा चाललीच नाही तरी टपाल तुमचंच राहतं.

बाकी: एनएनडीबेस नावाच्या फायलीत पत्त्यांची वही, फिल्टर्समध्ये तुमचे नियम, सिग्जमध्ये सह्या, अ‍ॅटॅचमध्ये पत्रांसोबत आलेल्या फायली, आणि युडोरा नावाच्या आयएनआय फायलीत सगळ्या सेटिंग्ज. काय घ्यावं, काय सोडावं हा विचार करू नका. पूर्ण फोल्डर घ्या. अ‍ॅटॅच फोल्डर कधीकधी भलतीकडेच असतो, तो आठवणीने शोधा.

या फोल्डरच्या दोन प्रती करा. एकीला हात लावायचा नाही. प्रयोग दुसरीवर.

जुनी प्रत सीडीवर किंवा डीव्हीडीवर असेल तर तिथून कॉपी केलेली प्रत्येक फाइल रीड-ओन्ली असू शकते. मग युडोरा उघडते, पण नवं पत्र ठेवता येत नाही म्हणून कुरकुरते. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रीड-ओन्लीची खूण काढा, आतल्या सगळ्या फायलींना लागू करा.

घर कुठे बांधायचं

माझी एक संध्याकाळ इथे गेली. इन्स्टॉलरने सुचवलेली प्रोग्राम फाइल्सची जागा मी मान्य केली आणि टपालही तिथेच टाकलं. सगळं छान उघडलं. दुसऱ्या दिवशी सरांनी कुणाचं तरी ऐकून युडोरा रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने सुरू केली, आणि आदल्या दिवशी वाचून वर्गवारी लावलेली पत्रं पुन्हा न वाचलेली दिसायला लागली. बंद करून साधी उघडली, तर पुन्हा आदल्या दिवशीसारखी!

झालं होतं असं. व्हिस्टापासून विंडोज साध्या प्रोग्रामला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू देत नाही. पण जुने प्रोग्राम बिचारे बंद पडू नयेत म्हणून ते त्यांना नाहीही म्हणत नाही. गुपचूप व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या लपवलेल्या फोल्डरात लिहू देतं. प्रोग्रामला वाटतं आपण घरातच लिहिलं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं की खरं घर दिसतं, साधं उघडलं की सावलीतलं. दोन संसार सुरू होतात.

म्हणून युडोरा प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवूच नका. सी ड्राइव्हच्या अगदी मुळाशी युडोरा नावाचा फोल्डर करा आणि प्रोग्राम तिथे बसवा. जुना इन्स्टॉलर हाताशी नसेल तर जुन्या मशीनवरचा प्रोग्राम फोल्डर तसाच उचलून इथे ठेवला तरी ती बहुतेक वेळा चालते. इन्स्टॉलर इंटरनेटवरून कुठून तरी उतरवणार असाल तर उघडण्याआधी अँटिव्हायरसने तपासा. मेलेल्या प्रोग्रामच्या नावावर नको ते खपवणारे पुष्कळ असतात.

टपालासाठी वेगळा फोल्डर करा, समजा डी ड्राइव्हवर टपाल नावाचा. (नाव रोमन अक्षरांत द्या. देवनागरी नाव दिलंत तर युडोराला तो फोल्डर उघडता येणार नाही.) डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स टाळा, कारण नव्या लॅपटॉपवर ते दोन्ही बहुधा वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला, जोडलेले असतात. युडोरा फाइल लिहीत असताना वनड्राइव्ह तीच फाइल वर चढवायला गेला की यादी आणि पत्रं यांचा मेळ बिघडतो.

आता युडोराला नवी जागा सांगायची. डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट करा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटच्या चौकटीत प्रोग्रामचा पत्ता आधीच असेल. त्याच्या शेवटी एक मोकळी जागा सोडून टपालाच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर तो पत्ता अवतरणचिन्हांत घाला. यापुढे नेहमी याच शॉर्टकटवरून उघडायचं. मूळ प्रोग्रामवर डबल क्लिक केलंत तर ती भलत्याच जागी नवा कोरा संसार थाटेल आणि तुमच्या छातीत धस्स होईल.

इंटरनेट तोडून पहिल्यांदा उघडा. वायफाय बंद. म्हणजे जुन्या सेटिंग्जवर ती कुठे धावत जाणार नाही. पैसे भरण्याबद्दल किंवा जाहिरातींबद्दल विचारलं तर लाइट मोड निवडा. काही सोयी कमी होतात, पण रोजच्या वापराचं अडत नाही.

एखादा मेलबॉक्स उघडताना यादी खराब आहे असं म्हणाली तर ती म्हणते तशी नवी बनवू द्या. वाचलं-न वाचलं, उत्तर दिलं-नाही अशा खुणा त्या मेलबॉक्सपुरत्या जातात. पत्रं जात नाहीत.

सोबतच्या फायली

युडोरा पत्रासोबत आलेली फाइल पत्रात ठेवत नाही. ती काढून अ‍ॅटॅच फोल्डरात ठेवते आणि पत्राच्या तळाशी एका ओळीत तिचा संपूर्ण पत्ता लिहून ठेवते, ड्राइव्हच्या अक्षरासकट. जुन्या मशीनवर तो फोल्डर सी ड्राइव्हवर क्वालकॉमच्या आत असेल आणि आता डीवर टपालात असेल, तर त्या हजारो ओळींतला पत्ता जुन्या घराचाच.

यावर काही जण एमबीएक्स फायलीत शोधा-आणि-बदला चालवतात. मी ते करत नाही. पत्त्याची लांबी बदलली की अनुक्रमणिकेतली पानं चुकतात आणि सगळ्या याद्या नव्याने कराव्या लागतात. त्यापेक्षा विंडोजला जुन्या पत्त्यावर एक पाटी लावायला सांगायची: इथे कुणी आलं तर त्याला नव्या घरी पाठवा. याला जंक्शन म्हणतात. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. एमकेलिंक ही आज्ञा, मग तिरकी रेघ आणि जे, मग अवतरणांत अ‍ॅटॅच फोल्डरचा जुना पत्ता, मग अवतरणांत नवा. जुना पत्ता कुठला ते कुठल्याही फाइलवाल्या पत्राच्या तळाशी शब्दशः वाचा. जुन्या पत्त्यातला शेवटचा फोल्डर सोडून बाकीचे वरचे फोल्डर आधी हाताने तयार करावे लागतात. शेवटचा आज्ञा स्वतः बनवते.

सरांनी २००३च्या एका पत्राखालच्या चिन्हावर क्लिक केलं आणि विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण उघडलं. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी चहा विचारला.

कुलूप

नवं टपाल आणायचं नसेल, नुसतं जुनं वाचायचं असेल, तर हा सगळा भाग सोडून द्या. माझा सल्ला विचाराल तर बहुतेकांनी सोडावाच. पण सरांना युडोरातूनच उत्तरं लिहायची होती.

आजचे मेल सर्व्हर टीएलएस १.२ किंवा त्याहून नव्या पद्धतीने कुलूपबंद बोलतात. टीएलएस १.२ आलं २००८मध्ये, युडोरा थांबली २००६मध्ये. तिच्याजवळच्या किल्ल्या सर्व्हर आता ओळखतच नाहीत. सेटिंग्जमध्ये कितीही उलटापालट करा, हँडशेक फेल झाल्याचा संदेशच येणार. युडोराच्या कुलपाच्या फायली बदलून नव्या बसवणारे हौशी लोक आहेत, पण मला दुसरा रस्ता अधिक भरवशाचा वाटतो. तो आउटलुक एक्सप्रेसच्या काळातल्या कुठल्याही जुन्या प्रोग्रामलाही लागू पडतो.

एक दुभाष्या ठेवायचा. त्याचं नाव एस-टनेल. फुकट आहे, १९९८पासून आहे आणि अजून नियमित अद्ययावत होतो. तो तुमच्याच लॅपटॉपवर बसतो. युडोरा त्याच्याशी साध्या, उघड्या भाषेत बोलते, आणि तो पुढे जीमेलशी आजच्या कुलपात बोलतो. उघडं बोलणं लॅपटॉपच्या बाहेर पडतच नाही.

एस-टनेल त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. बसवताना एक काळी खिडकी उघडून देश, राज्य, शहर वगैरे विचारते. ते प्रमाणपत्र आपल्या कामाचं नाही, एंटर दाबत पुढे चला. मग स्टार्ट मेनूत एस-टनेलच्या गटात जाऊन त्याची कॉन्फिगरेशन फाइल उघडा. इथे तुमचं काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय: नमुना म्हणून जीमेलचेच विभाग त्यात लिहिलेले असतात. फक्त ताडून बघा. पॉप३च्या (टपाल आणायच्या) विभागात अ‍ॅक्सेप्टसमोर १२७.०.०.१ आणि पोर्ट (म्हणजे दाराचा क्रमांक) ११०, कनेक्टसमोर जीमेलचा पॉप सर्व्हर आणि पोर्ट ९९५. एसएमटीपीच्या (टपाल पाठवायच्या) विभागात अ‍ॅक्सेप्टसमोर तोच १२७.०.०.१ आणि पोर्ट २५, कनेक्टसमोर जीमेलचा एसएमटीपी सर्व्हर आणि पोर्ट ४६५. काही बदलावं लागलं तर आकडे अर्थातच इंग्रजी टाइप करायचे. १२७.०.०.१ म्हणजे 'हेच मशीन'.

सर्टिफिकेट तपासण्याच्या ओळी तिथे असतात, त्या काढू नका. दुभाष्या समोरचा जीमेलच आहे ना याची खात्री करतो ती त्यांच्यामुळे.

मग त्याच गटातून आधी सर्व्हिस इन्स्टॉल आणि मग सर्व्हिस स्टार्ट. म्हणजे लॅपटॉप सुरू झाला की दुभाष्याही आपोआप कामावर हजर. हे विसरलात तर रोज हाताने उठवावा लागेल.

जीमेलच्या बाजूने

तुमचा नेहमीचा पासवर्ड इथे चालणार नाही. आधी गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग अ‍ॅप पासवर्ड तयार करा. १६ अक्षरांचा पासवर्ड एकदाच दिसतो. चार-चारचे गट दिसले तरी मधल्या मोकळ्या जागा न देता सलग टाइप करायचा.

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग अँड पॉप या भागात पॉप चालू करा. तिथे दोन पर्याय असतात: सगळ्या पत्रांसाठी, किंवा आतापासून येणाऱ्यांसाठी. दुसरा घ्या. पहिला घेतलात तर गेल्या पंधरा वर्षांचे बँकेचे आणि कपड्यांच्या सेलचे संदेश युडोरात कोसळतील. त्याच्या खाली, पॉपने पत्र उचलल्यावर जीमेलमध्ये त्याची प्रत राहू द्यायची का असं विचारलेलं असतं. राहू द्या.

हॉटमेल किंवा आउटलुक डॉट कॉमवाल्यांना हा रस्ता पुरत नाही. त्यांनी सप्टेंबर २०२४पासून वैयक्तिक खात्यांवर साध्या पासवर्डची पद्धत बंद केली, अ‍ॅप पासवर्डही चालत नाही. दुभाष्या कुलूप उघडून देतो, पण ओळखपत्र दाखवण्याची नवी रीत त्याला येत नाही. अशांनी जुनं टपाल युडोरात वाचावं आणि नवं दुसरीकडे.

युडोराच्या बाजूने

टूल्स, ऑप्शन्स. गेटिंग स्टार्टेडमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही सर्व्हरच्या जागी १२७.०.०.१. लॉगइन नेममध्ये पूर्ण जीमेल पत्ता.

चेकिंग मेलमध्ये सिक्युअर सॉकेट्स: नेव्हर. हे वाचून अंगावर काटा येतो हे मान्य, पण कुलूप लावायचं काम आता दुभाष्याकडे आहे. सेंडिंग मेलमध्येही नेव्हर. तिथेच अलाउ ऑथेंटिकेशनची खूण ठेवा, आणि यूज सबमिशन पोर्ट ५८७ची खूण काढा. ती राहिली तर युडोरा ५८७च्या दारावर थापा मारत बसते आणि दुभाष्या २५च्या दारात उभा असतो. इनकमिंग मेलमध्ये लीव्ह मेल ऑन सर्व्हर चालू.

इंटरनेट डायलअपचं पान नक्की बघा. सरांच्या युडोराला अजून मॉडेमने फोन लावायचा होता. ती खूण काढा. पर्सनॅलिटीजमध्ये, म्हणजे युडोरातल्या खात्यांमध्ये, विदेश संचार निगमच्या काळातले जुने पत्ते असतील तर ते पुसू नका, फक्त त्यांचं टपाल तपासायची खूण काढा. पत्ता पुसला तर जुन्या पत्रांवरचा संदर्भ हरवतो.

सुरक्षेसाठी तीन गोष्टी बंद: व्ह्यूइंग मेलमधलं यूज मायक्रोसॉफ्ट्स व्ह्यूअर, तिथलंच अलाउ एक्झिक्यूटेबल्स इन एचटीएमएल कंटेंट, आणि डिस्प्लेमधलं एचटीएमएल चित्रं आपोआप उतरवणं. आजची जाहिरातबाज पत्रं मग विस्कटलेली दिसतील. दिसू द्या.

आता चेक मेल. पासवर्ड मागेल तिथे १६ अक्षरांचा. बिनसलं तर संदेश नीट वाचा. १००६१ हा आकडा दिसला तर दाराशी कुणीच नाही, म्हणजे एस-टनेल सुरू नाही किंवा पोर्ट चुकलंय. अ‍ॅप्लिकेशन-स्पेसिफिक पासवर्ड हवा असं म्हणाली तर तुम्ही सवयीने नेहमीचा टाकलात. दोन्ही नसून नुसतीच लटकली तर अँटिव्हायरसचा मेल तपासणारा भाग ११०च्या दारात आडवा पडलाय का ते बघा. तो तेवढा भाग बंद करा, अख्खा अँटिव्हायरस नव्हे.

अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील तर प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, ओव्हरराइड, आणि सिस्टम एन्हान्स्ड.

आणि मराठी

इथे युडोरा हरते. तिला युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे मराठी अक्षरं लिहायची जी पद्धत आहे ती, कळत नाही. तुम्ही आज युनिकोडमध्ये पाठवलेलं मराठी पत्र तिच्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'च्या रांगेसारखं दिसतं: ए, मग दोन विचित्र चिन्हं, मग पुन्हा तोच ए. कारण सोपं आहे. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात आणि त्यातला पहिला नेहमी तोच असतो. युडोरा ते तीन सुटे रोमन वर्ण समजते. उत्तर मराठीत टाइप करायला गेलात तर प्रश्नचिन्हांची माळ.

विंडोजच्या रिजनल सेटिंग्जमध्ये जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा अशी 'बीटा' म्हणून एक खूण असते, ती चालू करा असं कुणी सुचवेल. करू नका. त्याने युडोरा युनिकोड शिकत नाही, आणि जुन्या फाँटवर चालणारे बाकीचे मराठी प्रोग्राम बिघडतात.

उलट, जुन्या मराठी पत्रांसाठी युडोराच लागते. २००५च्या आधी मराठी पत्र लिहिणारा माणूस एकतर रोमन लिपीत लिहायचा किंवा शिवाजी, श्रीलिपी, नाहीतर सी-डॅकच्या आयएसएमचे फाँट वापरायचा. (श्रीलिपी आणि सी-डॅक दोन्ही पुण्याचेच, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या टपालात हे फार सापडतं.) या फाँटांमध्ये फायलीत रोमन वर्णच असतात, फक्त त्यांना देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात. मुखवटा काढला की गिचमीड. म्हणून जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरातले ते फाँट आणून नव्यावर बसवा, युडोराच्या ऑप्शन्समध्ये फाँट्सच्या पानावर संदेशाचा फाँट तोच निवडा. अचानक सगळं वाचता येतं. इंग्रजी पत्र उघडताना मात्र फाँट परत बदलावा लागतो, नाहीतर डिअर सरसुद्धा देवनागरी गिचमीड होऊन येतात.

सरांनी शेवटी तोडगा काढला तो असा: इंग्रजी टपाल युडोरात, मराठी टपाल फोनवरच्या जीमेलमध्ये. दोन्हीकडे प्रत राहते, कारण आपण तशी ठेवली आहे.

जाता जाता, युडोरात मूडवॉच नावाची एक गंमत आहे. तिखट भाषेच्या पत्रावर ती लाल मिरच्या काढते, एक ते तीन. तिला फक्त इंग्रजी कळतं हे बरंच. सोसायटीच्या पाण्याची पत्रं तिला वाचता आली असती तर पडद्यावर मिरच्यांचा ठेचा झाला असता.

थंडरबर्डकडे जायचं असेल तर

थंडरबर्ड हा आजचा फुकट ईमेल प्रोग्राम. त्याच्याकडे कधीतरी जावं लागेल, आणि एमबीएक्स साधी फाइल असल्यामुळे ते अवघड नाही. थंडरबर्डमध्ये इंपोर्ट-एक्स्पोर्ट-टूल्स-एनजी नावाचं अ‍ॅड-ऑन बसवा, एमबीएक्सच्या प्रतीचं शेपूट काढून नुसतं नाव ठेवा, आणि एमबॉक्स म्हणून आत घ्या. पत्रं येतील, सोबतच्या फायली येणार नाहीत. त्यांच्या जागी जुन्या पत्त्याची ती ओळ तेवढी दिसेल. फायली पत्रांना परत चिकटवून हव्या असतील तर आधी युडोरा रेस्क्यू किंवा पैसे देऊन एड४मेल यातून न्यावं लागतं. पत्त्यांची वही आधी युडोरातून बाहेर काढून घ्या.

सरांचं टपाल मी थंडरबर्डमध्येही एकदा घेऊन ठेवलंय, त्यांना न सांगता.

राहिली रोजची निगा. युडोरा बंद करून टपालाचा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करायचा, महिन्यातून एकदा. प्रोग्राम उघडा असताना कॉपी घेतली तर यादी अर्धवट येते. सरांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आता प्रत्येक महिन्याच्या एक तारखेच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली, पेन्सिलने 'यु.' लिहिलेलं असतं.